मिठाचा दिवा

वाळूजहून निघालो तेव्हा जॉब कार्डावर एवढंच:
जालना, परतूरकर, दुसरा मजला,
मशीन पाणी घेत नाही.

मॅडम कॉलेजला निघालेल्या, एका पायात चप्पल.
"लेकीनं बसवून दिलंय हो. ओट्याखाली असं कोंबलंय
की कपाट कुठलं अन् मशीन कुठलं
पाहुण्याला कळत नाही."

प्रयागबाई स्टुलावर बसून होती.
माझ्या छातीवरचा बिल्ला तिनं अक्षर लावून वाचला.
"बि-भी-षण. मंजे घरभेदी."
हसली नाही.

खालची फळी काढली.
ग्रॅनाइटला पोटातून धरून बसलेले दोन स्क्रू
उताणं पडून, मान पिळून सोडले.
मशीन पुढं ओढलं तर मागून निघाली
मुंग्यांनी पोखरलेली खारीक,
लाइट बिलाचा एक कोपरा,
आणि चार वर्षांची धूळ, कुणाचाच हात न लागलेली.

जाळीत शेंगदाण्याची सालं. येसराचा लाल गाळ.
हीटर पांढराफेक, नखानं खरवडून निघेना.
इथलं बोअरचं पाणी.
त्यात दगड असतोच,
उकळल्याशिवाय दिसत नाही.

मिठाचा दिवा लागलेला.
मॅडमनी आत जेवणातलं बारीक मीठ भरलं होतं,
त्याचं झालं होतं ढेकूळ.
ह्याला जाडं मीठ लागतं, वेगळं, मी म्हणालो.
"मशीनला बी मीठ लागतं?
मंग जागत असंल खाल्ल्या मिठाला."
यंत्र आहे, मावशी.
"म्हणून तर इचारू राहिले."

फवाऱ्याच्या पात्याची भोकं बुजलेली.
मी काहीतरी टोकदार शोधत होतो,
तिनं बांगडीतली सेफ्टी पिन काढून पुढं केली.
एकेक भोक टोकरलं. एकेक खडा पडला,
ज्वारी निवडताना पडतो तसा, ताटलीत, वाजून.
"सोळा," ती म्हणाली.
मी मोजलेच नव्हते.

सगळं झालं, तरी पाणी नाही.
घुंऽऽ करतं, थांबतं, वाट बघतं,
पुन्हा तोच आकडा दाखवतं.
कंपनीच्या पुस्तकात जे पहिल्या पानावर आहे
ते मी शेवटी केलं:
सिंकखाली, बादल्यांमागं, फिनेलच्या बाटलीमागं
कोपरापर्यंत हात घातला.
नळ बंद होता.
जाम नव्हता. दोन बोटांत फिरला.
त्याच्या कानावर हिरव्या साबणाचा
बोटाएवढा डाग होता, वाळलेला.

मागं बघितलं.
प्रयागबाई खिडकीतून समोरच्या गच्चीवरची टाकी बघत होती.
नळाला पाणी येऊन आज नववा दिवस.
"एका टायमाला किती पेतं हे?"
बारा लिटर.
"अन् मला किती लागतं,
ते न्हाई का लिव्हलेलं कुठं?"
पाण्याचं विचारत होती की पगाराचं,
मला त्या वाक्यात सापडलं नाही.
त्याला उघडायला स्क्रू नव्हते.

मॅडमचा फोन आला. काय निघालं हो?
जड पाणी, मी म्हणालो.
आमच्या धंद्यात हे कधीच खोटं नसतं.
कार्डावर तेच लिहिलं,
खाली नाव, ऱ्हस्व-दीर्घासकट, पूर्ण.

नळ उघडला. आत पाणी पडल्याचा आवाज झाला.
तिनं कान दिला,
शेजारच्या घरातलं बोलणं ऐकावं तसा.
दिवा लगेच विझत नाही, मी सांगितलं,
एक फेरी पुरी व्हावी लागते.
"ऱ्हाऊ दे लागलेला."

बदनापूरला चहाला थांबलो.
पोरगं एकाच बादलीत
चाळीस ग्लास बुडवून काढत होतं.
पैशासाठी खिशात हात घातला
तर पिन टोचली.